क्रेनवरची कळ

बांधकामावर तिला सगळे घार म्हणत. उंच क्रेनवरच्या काचेच्या केबिनमध्ये बसून ती सळ्यांचे भारे अलगद उचलायची आणि सांगाल तिथे टेकवायची. शिडी एवढी लांबलचक, की एकदा वर गेली की जेवणाच्या सुट्टीपर्यंत ती खाली यायचं नाव काढत नसे. वर ना नळ, ना संडास. मग तिने आपला एक उपाय शोधला होता, पाणीच प्यायचं नाही. काचेतून ऊन भाजून काढी, ओठाला ओठ चिकटत, लघवी हळदीसारखी गडद होई. "सवय झालीय," ती म्हणायची.

नवरा मालट्रकवर, आज इथे तर उद्या तिथे. घरी सासू आणि एक कुत्री. कुत्रीचा तोरा असा, की तिला बाईसाहेब म्हणत. एक दिवस बाईसाहेब अंगणात बसल्या, उठल्या, पुन्हा दुसरीकडे बसल्या. कुंथून कुंथून दोन थेंब पडले, तेही लालसर.

"सकाळपासून हेच चाललंय हिचं," सासू म्हणाली. "घेऊन जा बाई डॉक्टरकडे."

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी पोटाचा फोटो उजेडासमोर धरला. मूत्राशयात पांढरेशुभ्र खडे एकमेकांना खेटून बसले होते.

"मुतखडे आहेत. कुत्र्यांच्या माद्यांमध्ये बहुतेकदा लघवीतल्या जंतूंमुळे होतात. लहान असते तर औषधाने आणि वेगळ्या खाण्याने विरघळवून पाहिले असते. हे मोठे आहेत, कापूनच काढावे लागतील."

"आणि नाही काढले तर?"

"एखादा वाटेत अडकला आणि लघवी तुंबली, तर फार वेळ मिळत नाही."

घार घाबरली. कुत्रीसाठी तर घाबरलीच, पण खरं सांगायचं तर स्वतःसाठीही. गेले काही आठवडे तिच्याही कमरेत डाव्या बाजूला मुका ठणका होता. तिने तो कुणाला सांगितला नव्हता. आता तर मुळीच सांगणार नव्हती. फोटो काढला तर दिसेल, नाही काढला तर नसेल, अशी तिने मनाची समजूत घातली.

बाईसाहेबांचं ऑपरेशन नीट पार पडलं. घारीने घराच्या कोपऱ्याकोपऱ्यात पाण्याची भांडी ठेवली आणि ती कुत्रीच्या मागे मागे फिरू लागली.

"कुत्रीला घोट घोट पाजतेस," सासू म्हणाली, "आणि तुझी बाटली जाते तशी भरलेली परत येते."

"माझं मी बघेन, आई."

बघायची वेळ लवकरच आली. त्या दिवशी सळ्यांचा भारा हवेत होता. खाली तो उतरवून घ्यायला माणसं उभी होती. अचानक डाव्या कुशीत कुणी सुरी खुपसून फिरवावी तशी कळ उठली आणि जांघेपर्यंत उतरली. डोळ्यांपुढे काजवे चमकले. यंत्राच्या दांड्यावरचा हात निसटला, तसा भारा झुलला. हा पडला तर, एवढंच तिच्या मनात आलं.

"मामा, माणसं हटवा," ती वायरलेसवर म्हणाली. खाली इशारे देणारा म्हातारा गडी सगळ्यांचाच मामा होता.

"काय झालं गं?"

"आधी हटवा."

जागा मोकळी झाली. दात आवळून तिने इंचाइंचाने भारा जमिनीला टेकवला, यंत्र बंद केलं आणि मग भडभडून ओकली. अंगात हुडहुडी भरली होती. खालची शिडी पाहून तिने वायरलेसवर पुन्हा मामाला हाक मारली.

"एकटी उतरू नकोस पोरी, मी येतोय," मामा म्हणाला.

पट्ट्याने दोराला बांधून मामाने तिला एकेक पायरी खाली आणलं. कळ आली की ती शिडीला मिठी मारून डोळे मिटून घेई. मामा खालून तिचा पाय पायरीवर धरून ठेवी.

"थांब. जाऊ दे ती. आता टाक पाऊल."

इस्पितळात डॉक्टरांनी ताप पाहिला, पोटाचा फोटो काढला आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला. "मूत्रपिंडातून खाली येणाऱ्या नळीत खडा अडकलाय. त्याच्या वर लघवी तुंबून तिच्यात पू झालाय. आधी बारीक नळी घालून वाट मोकळी करू. खडा नंतर फोडू."

"माझं मूत्रपिंड वाचेल ना?"

"वाचावं. पण आज शब्द देत नाही."

त्या उत्तराने तिची झोपच उडाली. ताप उतरेपर्यंत ती छताकडे पाहत पडून राही, आणि सासू उशाशी बसून तिचा हात चोळत राही. तपासण्या चांगल्या आल्या, तेव्हा कुठे म्हातारीची जीभ सुटली. "दोघींच्या पोटात खडी. बांधकामाला बाहेरून मागवायलाच नको." घार हसली आणि हसता हसता रडली.

पुढे लेसरने खडा फोडला, मग नळीही निघाली. डॉक्टरांनी बजावलं, लघवी पाण्यासारखी फिकट दिसेल इतकं पाणी प्यायचं, मीठ कमी, आणि लघवी दाबून ठेवायची नाही. मामाने साहेबांशी भांडून मध्येच तिला खाली येता यावं म्हणून बदली चालक मिळवला.

घार पुन्हा वर जाते. भीती मात्र गेली नाही. कमरेत नुसती चमक आली तरी ती आधी भारा खाली टेकवते, मग थोडा वेळ हात मांडीवर ठेवून कळ उठते का याची वाट पाहते.