पन्नास म्हणजे आधीचा

सुनावणी मंगळवारी सकाळी साडेअकराला होती, आणि शनिवार उजाडला तरी माझा बाप त्या पाकिटाबद्दल एक शब्द बोलायला तयार नव्हता.

पाकीट निगेटिव्हचं. पिवळट कागदाचं, तळहाताएवढं, त्यावर शाईने लिहिलेलं: 'मिस्किटा, मरोळ', खाली एक अनुक्रमांक, आणि कोपऱ्यात 'एएसए ५०'. आतल्या निगेटिव्हमध्ये आमची मागची खोली आहे आणि तिच्या दारात माझी आजी लुगडं सावरत उभी आहे. ही खोली एप्रिल १९६२च्या आधी बांधलेली होती हे दाखवता आलं तर ती राहणार होती, नाहीतर पाडणार होते. महापालिकेची नोटीस दारावर चिकटवून तीन आठवडे झाले होते. आमच्याकडे घरपट्टीची जुनी पावती आहे, पण ती पुढच्या घराची. त्यामुळे सगळी भिस्त त्या पाकिटावर, आणि खरं तर त्यावरच्या आकड्यावर.

खोली माझी आहे. अकरा वर्षांपूर्वी लग्न मोडून मी दोन बॅगा घेऊन परत आले, तेव्हा पापाने एक प्रश्न न विचारता ती रिकामी करून दिली. मी तिथेच झोपते आणि तिथल्याच दोन मोठ्या शेगड्यांवर लग्नाच्या, बाप्तिस्म्याच्या ऑर्डरी करते. गावठणातल्या निम्म्या लग्नांतल्या फुग्या, म्हणजे तळलेले गोल पाव, माझ्या हातच्या असतात. खोली गेली असती तर माझं झोपणं आणि कमावणं दोन्ही एकाच सकाळी गेलं असतं. म्हणून माझा पारा चढलेला होता. तो तसाही लवकर चढतो, मी नाकारत नाही.

पापाचं नाव इसिडोर मिस्किटा, वय ऐंशी. मरोळ नाक्याजवळ रामनाथ मास्तरांचा फोटो स्टुडिओ होता. बासष्टच्या जूनमध्ये पापा तिथे डार्करूममध्ये लागला आणि स्टुडिओ बंद होईपर्यंत छत्तीस वर्षं अंधारात उभा राहिला. फोटो काढायचं काम मास्तरांचं, धुवायचं पापाचं. फिल्म कुठल्या वेगाची आहे, म्हणजे तिला किती कमी उजेड पुरतो, यावर ती रसायनात किती मिनिटं ठेवायची ते ठरतं, म्हणून मास्तर प्रत्येक पाकिटावर वेगाचा आकडा लिहायचे. तारीख लिहायचे नाहीत, ती रजिस्टरमध्ये. रजिस्टरं सगळी बंद स्टुडिओतच पडून होती, ती दोन हजार पाचच्या पुरात लगदा झाली. पाकिटं वरच्या फळीवर होती, ती वाचली.

दुसऱ्यांचे बाप जेवताना क्रिकेटबद्दल बोलतात. माझा बाप फिल्मच्या वेगाबद्दल बोलायचा. मला सहावीत जगाचा इतिहास धड येत नव्हता, पण युरोपातल्या कंपन्या आपली फिल्म झटपट दाखवायला जुन्या शाइनर मापाचे आकडे कसे फुगवायच्या, आणि त्या भानगडीला वैतागून जर्मनांनी १९३४ साली 'डीन' नावाचं माप कसं काढलं, हे पाठ होतं. डीनमध्ये आकडा तीनने वाढला की वेग दुप्पट. अमेरिकन एएसएमध्ये वेग दुप्पट तर आकडाही दुप्पट. पुढे दोन्ही एकत्र करून आयएसओ झालं, तेच आज आपल्या मोबाइलच्या कॅमेऱ्यात असतं. हे सगळं ऐकून माझे कान किटले होते.

पण त्याचा आवडता किस्सा १९६०चा. तोपर्यंत फिल्मच्या खोक्यावरचा आकडा मुद्दाम कमी छापायचे. नव्या सुनेला भातात पाणी थोडं जास्तच घालायला सांगतात ना, म्हणजे तो कच्चा तरी राहणार नाही, तसं. आकडा कमी असला की माणूस फिल्मला जास्त उजेड देतो आणि फोटो काळा पडत नाही. साठच्या सुमाराला कंपन्यांनी ही हातची राखलेली सूट काढून टाकली. फिल्म तीच, कारखाना तोच, पण नव्या खोक्यांवर पन्नासच्या जागी शंभर आलं. एकाच फिल्मला दोन आकडे, एक आधीचा, एक नंतरचा.

या किश्शाने तीन वर्षांपूर्वी डोरोथी आंटीची खोली पाडली.

डोरोथी आंटी समोरच्या घरात राहते. पापा आणि ती एकाच वर्षी जन्मले, एकाच चर्चमध्ये त्यांचा पहिला कम्युनियन झाला. तिच्या बाजूच्या खोलीलाही अशीच नोटीस आली होती, आणि तिच्याकडेही मास्तरांच्या स्टुडिओतलं असंच एक पाकीट होतं. त्यावर 'एएसए १००' लिहिलेलं. पापाला साक्षीला बोलावलं. सगळ्यांना वाटलं, लहानपणापासूनची शेजारीण आहे, काहीतरी सांभाळून घेईल. पापा सरळ म्हणाला, मास्तरांच्या पाकिटावर शंभर म्हणजे फोटो बासष्टच्या नंतरचा. महिन्याभरात खोली गेली. तिथे राहणारा तिचा मुलगा डेल्रॉय बायकोमुलांना घेऊन भांडुपला भाड्याने गेला. जाताना तो भर गल्लीत पापाला नको नको ते बोलला. पापा ओट्यावर उभा राहून ऐकत होता. त्या नाताळात आंटीच्या घरून आमच्याकडे दरवर्षीचं फराळाचं ताटही आलं नाही.

तर शनिवारी मी पाकीट त्याच्यासमोर आपटलं.

"पापा, मंगळवारी काय बोलायचं ते ठरव ना. पन्नास म्हणजे आधीचा. झालं. तूच बोललेलास आंटीच्या टायमाला."

"मी बोललो, शंभर म्हणजे नंतरचा. पन्नास म्हणजे आधीचा, असं मी कवा बोललो?"

"एकच झालं ना ते."

"एक नाय झालं, ब्रिजेट."

मग त्याने सांगितलं. मास्तरांचा त्या नव्या आकड्यावर विश्वासच नव्हता. परदेशात चार माणसांनी टेबलाभोवती बसून आकडा दुप्पट केला म्हणून फिल्म काय रातोरात पळायला लागली, असं ते म्हणायचे. गिऱ्हाइकाचा फोटो काळा आला तर शिव्या आपण खायच्या, ते नाही. म्हणून नवी खोकी आली तरी ते पन्नास धरूनच उजेड मोजायचे आणि पाकिटावर पन्नासच लिहायचे. चौसष्टला उजेड मोजायचा नवा मीटर घेतला, तेव्हा कुठे ते शंभर लिहायला लागले. म्हणजे त्यांच्या पाकिटावर शंभर असेल तर तो नक्की नंतरचा, पण पन्नासवरून काहीच कळत नाही.

"पण आधीचा असू शकतो ना?" मी म्हटलं.

"हा नाय. तुझ्या आजीच्या तोंडावर उजेड पडावा म्हणून बाजूला पांढरी चादर धरलेली. ती मीच धरली होती. खोली नवी बांधलेली, फादर पाणी शिंपडायला आलेले. बासष्टचा डिसेंबर."

एप्रिल ते डिसेंबर. आठ महिने. माझं सगळं आयुष्य आठ महिन्यांवर अडकलं होतं.

"हे अजून कोणाला माहीत आहे?"

"मास्तर गेले. तुझी आजी गेली. मागची खोली गल्लीतून दिसत नाय, वर्ष कोण ध्यानात ठेवणार? मला माहीत हाय."

"आणि आता मला."

"तूच विचारलंस."

रविवारी आम्ही चर्चला एकाच बाकावर बसलो आणि एकमेकांकडे बघितलं नाही. घरी आल्यावर मी बोलायला लागले ती थांबले नाही. फक्त 'हो' म्हणायचं आहे, म्हटलं. कोणाचं काही लुबाडायचं नाही, आपलंच आपल्याकडे ठेवायचं आहे. सोमवारी त्याने दुपारचं ताट तसंच सरकवलं, आणि मी माझ्या आयुष्यातलं सगळ्यात वाईट वाक्य बोलले. म्हटलं, "एका बाईची खोली खरं बोलून पाडलीस, आता मुलीची पाड. म्हणजे तुझा हिशेब सरळ."

तो उठला, पायऱ्यांवर जाऊन बसला आणि बुटांना पॉलिश करायला लागला. बूट तासभर घासत होता. मला त्याची दया येत होती आणि रागही, आणि राग जास्त होता.

मंगळवारी वॉर्ड ऑफिसात पोचलो तर बाहेरच्या बाकावर डोरोथी आंटी बसलेली. वाटलं, ही आता आपला सूड घ्यायला आली. ती पापाला म्हणाली, "एकटा कशाला येशील, म्हणून आले." पापाने मान हलवली. तिला सरकायला सांगून तो शेजारी बसला.

आत बोलावलं तेव्हा तीही आमच्यामागून आली आणि भिंतीशी उभी राहिली. इंजिनिअर साहेब तोच होता, तीन वर्षांपूर्वीचा. तरुण, चष्मेवाला, बोलायला बरा. त्याने फाइल उघडून मागच्या सुनावणीची नोंद मोठ्याने वाचली. "सदर स्टुडिओच्या पाकिटावर एएसए शंभर असल्यास छायाचित्र बासष्टनंतरचे व एएसए पन्नास असल्यास बासष्टपूर्वीचे, असे श्री. मिस्किटा यांच्या निवेदनावरून दिसून येते." मग त्याने पाकीट उजेडात धरलं. "पन्नास आहे. म्हणजे बासष्टच्या आधीचा. बरोबर ना, अंकल?"

अर्धं वाक्य पापाचं होतं. उरलेलं अर्धं कोणा कारकुनाने आपल्या मनाने जोडलं होतं, आणि आता ते टाइप होऊन, सहीशिक्क्यानिशी समोर पडलं होतं. पापाला नवीन काही बोलायची गरजही नव्हती. फक्त चूक दुरुस्त करायची नाही, एवढंच.

साहेब वाट बघत होता. पापाने नोंदीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला तेव्हा नजर वळवता आली असती. मी वळवली नाही. मी त्याच्या डोळ्यांत डोळे घालून बघत राहिले, तो 'हो' म्हणेपर्यंत.

"हो," पापा म्हणाला.

"इथे सही करा. तुमचा शब्द आम्हाला पुरे आहे."

त्याची सही एरवी गोल, शाळेतल्या मुलासारखी असते. त्या दिवशी ती ओळीखाली घसरली.

आम्ही तिघं जिना उतरलो. माझे पाय हलके झाले होते, मला हसू आवरत नव्हतं. खालच्या पायरीवर डोरोथी आंटीने पापाचा हात धरला.

"बरं झालं रे. घरी जाऊन डेल्रॉयला पण सांगते. त्या टायमाला तू माझ्यासाठी खोटं बोलला असतास, तर आज कोण तुझं ऐकणार होतं? माझी खोली काय फुकट नाय गेली, इसिडोर."

पापाने कठडा पकडला. आंटीला वाटलं, त्याला आनंदाने भरून आलं. तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि रिक्षा बघायला पुढे गेली.

याला चार महिने झाले. नोटीस रद्द झाल्याचं पत्र आलं आहे. या नाताळात आंटीकडून ताट आलं, नेहमीपेक्षा मोठं. पापाने त्यातलं काही तोंडात घातलं नाही. तो माझ्या खोलीत येत नाही. हाक मारली तर उंबऱ्याशी थांबतो, चहाचा कप तिथूनच घेतो आणि तिथेच परत देतो. माझ्यावर तो रागावलेला नाही. रागावला असता तर मी भांडले असते, मला ते येतं.

खोटं त्याच्या तोंडून गेलं, पण खोली माझी आहे आणि नजर माझी होती. तेव्हा सांगायचंही मलाच आहे. म्हणून हे लिहिलं. डोरोथी आंटीला आता बारीक अक्षर दिसत नाही, मलाच समोर बसून वाचून दाखवावं लागेल. त्यानंतर ती म्हणाली तर हेच कागद घेऊन वॉर्ड ऑफिसात जाईन. सकाळी ती घरी असते, उद्याच जाते.