शटरआडची राज्यं

खानावळीत भांडी आणि किस्से सारखेच साचतात. भांडी निदान घासून संपतात तरी! चौथी शिकलेली बाई आहे मी, चुका काढायच्या तर आधी जेवून घ्या, मग काढा.

पोरगा नोकरीला पुण्याला गेला आणि त्याचा कॉम्प्युटर राजारामपुरीतल्या आमच्या गाळ्यात आला. त्यात राज्य करायचा गेम. दुपारी शटर अर्धं ओढायचं. मग मी, माझी धाकटी जाऊ शोभा आणि शेजारची शिलाईवाली मालन आळीपाळीनं राज्य करायचो. आधी सगळा मुलूख ढगाखाली. माणूस पुढं चालवला की ढग सरतो, खालून नदी निघते, कुरणं निघतात. पंखा गरगरत असतो, डोळ्यांवर झापड, आणि वाटतं, त्या नदीकाठानं आपणच निघालोय.

*

माझं सरळ होतं. दिसेल ती जमीन आपली! शोभा मात्र एकच गाव धरून बसायची आणि सगळं सोनं शाळेत, शोधात घालायची.

"अगं, जमीन घे की! सगळी मी घेतल्यावर काय करशील?"

"आक्का, माझ्या लोकांनी चाक शोधलं."

"मग बस त्याच्यावर!"

*

मालननं एका गावाला माहेरचं नाव दिलं, चंदगड. मग तिथं लढाईच करू देईना. शत्रू वेशीत आला तरी म्हणते, "पावणं हायेत, येऊ देत."

गाव गेलं. वर विचारते, "जेवून गेले असतील न्हवं?"

*

माझं राज्य समुद्राला टेकलं. मग शोभाच्या गावावर भालेवाले धाडले. तटावरनं तोफ उडाली! माझी फौज धुरात विरली, जशी कधी नव्हतीच.

"ही कुठनं आणलीस?"

"शिकले."

मी उठून चहा टाकला. बिनसाखरेचा झाला. तिघींनी तोच संपवला.

*

पुढच्या डावात मी नुसत्या शाळाच बांधल्या. माझे लोक तारे ओळखायला शिकले. सगळं गाव माना वर करून आभाळ बघतंय, तेवढ्यात मालननं शेतं नेली!

"आक्का, राखणीला एकतरी ठेवायचा की!"

*

मग आमच्या दुसऱ्या बाजूचा गाळा रिकामा झाला. मला तो पाहिजेच होता. पण शोभाला दहावीला बसायचं होतं, क्लास सकाळचा. ती भाकरीला नसली तर एक गाळा ओढताना जीव जाईल, दोन कुठले! "तुम्ही म्हणाल तसं," म्हणून ती भाकऱ्या थापायला बसली. तोफेपेक्षा ते जड.

गाळ्याचे मालक भर दुपारी उत्तर घ्यायला आले, शटरखालून वाकून. शोभाचा डाव चालू होता, पण माऊसवरचा हात हलेना.

"काय ताई, घेताय न्हवं?"

"न्हाई. दुसऱ्याला द्या. हिची दहावी हाय."

शोभानं मान वर केली नाही. हात तेवढा हलला. पडद्यावरचा ढग सरला आणि खालून कुणीच न पाहिलेला किनारा निघाला, निळा, लांबच लांब.

मालक जायचे, ते उभ्या उभ्या बघतच राहिले. मग स्टूल ओढून हळूच म्हणाले,

"त्या कडेला एक गाव मला द्या की!"