गुळाऐवजी खजूर

बारा वर्षांपूर्वी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दुपारी, सुरतेत नवागाम भागातल्या आमच्या खोलीत, वडिलांनी आईला तिनेच केलेल्या सात पुरणपोळ्या सगळ्यांसमोर खायला लावल्या. आज माझ्या स्वयंपाकघरात खजूर शिजतो आहे. त्या वासाने ती दुपार आठवली.

वडिलांना मधुमेह होता. उजव्या तळव्याची जखम दोन महिने भरत नव्हती, आणि पाय जाईल असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून आईने पुरणात गूळ घातलाच नाही, चवीपुरता खजूर घातला. तिची चूक एकच झाली. आखाजीला पितरांना ठेवतात त्या घासालाही तिने तेच पुरण वापरलं.

वडिलांनी पोळी चाखली आणि विचारलं, "मना बापले बी शुगर शे का वं?"

काका वर आभाळाकडे बोट दाखवून हसले. "वहिनी, सरगमा जाईसन रिपोर्ट काढा का त्यासना?"

"तुमना पायकरता करं," आई म्हणाली.

"मग तूच खा सगळ्या."

ती भिंतीला टेकून खात राहिली. चौथ्या पोळीला तिला ठसका लागला. पाणी द्यायला कोणी उठलं नाही. मी माहेरपणाला आले होते, काकांच्या शेजारी बसले होते. खजूर मीच सुचवला होता. ते मी सांगितलं नाही, आईनेही सांगितलं नाही. तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

नंतर तिने गुळाचं पुरण शिजवलं. वडिलांनी चार पोळ्या खाल्ल्या.

श्रावणात त्यांचा पाय गुडघ्याखाली कापला. संमतीच्या कागदावर आईने सही केली.