आमच्या घरची स्वच्छ पिशवी

हे आईलाही ठाऊक नाही. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतेय — आणि सांगतानाही जीभ अडखळतेय.

कोरोनात आमचं संगमनेरातलं कॉलेज बंद पडलं आणि आम्हा गल्लीतल्या पोरापोरींना कचऱ्याचं वेड लागलं. दुधाच्या पिशव्या धुवून दोरीवर वाळत घालायच्या, सुका कचरा वेगळा बांधायचा, आजारी माणसाचे मास्क मात्र पिवळ्या पिशवीत — हे घरोघरी आम्हीच शिकवलं. सगळ्यांत जास्त तोरा माझा. कुणी चुकलं की त्याच्या दारात उभी राहून अक्कल शिकवायचे!

सुका कचरा न्यायला शांतामावशी यायच्या. आमच्या गटाने त्यांना रबरी हातमोजे दिले होते. ते घालून त्या सगळ्यांच्या पिशव्या उघडायच्या — आमची सोडून. एकदा मी हटकलं, तर हसल्या. "तुज्या पिशवीला कशाला गं हातमोजं? लई निर्मळ आस्ती ती!" काय फुगले होते मी त्या दिवशी.

मग बाबांना ताप आला. वास गेला, खोकला थांबेना. डॉक्टर म्हणाले, तपासून घ्या. आम्ही घेतलं नाही. गल्लीला पत्रे ठोकले असते, लोकांनी तोंडं फिरवली असती. आणि दारात पिवळी पिशवी ठेवायची म्हणजे — स्वतःच दवंडी पिटायची, नाही का?

मी काय केलं? बाबांचे मास्क, खोकल्याचे कागदी रुमाल — सगळं सुक्या कचऱ्याच्या तळाशी दाबलं. वर धुतलेल्या दुधाच्या पिशव्या रचल्या.

मी खिडकीत होते. मावशींनी हातमोजे काढले, पिशवी सोडली, हात थेट तळापर्यंत घातला. बाबांचा जाड पांढरा मास्क वर आला. त्यांच्या स्वतःच्या तोंडाला विरलेला रुमाल होता. त्यांनी मास्क उलटून पाहिला, झटकला — आमच्या घरचा म्हणजे धुतलेलाच, असं धरलं असणार — आणि रुमाल सोडून तो तोंडाला लावला.

एक हाक पुरली असती — "मावशी, काढा तो!" पण समोरच्या ओट्यावर शेजारीण बसली होती. मी — मी पडदा ओढून घेतला.

पुढच्या आठवड्यात मावशी आल्याच नाहीत. कळलं, ऑक्सिजनवर आहेत.

त्या वाचल्या. परत आल्या तेव्हा निम्म्या झाल्या होत्या, बोलतानाही धाप लागायची. ती अजून लागते. आमच्या पायरीवर टेकून म्हणाल्या, "कुनाच्या घरातनं आलं, देवाला म्हाईत. पन तुमच्यातनं न्हाई, येवढं नक्की."

मी मान हलवली. हो म्हणाले.

आमची पिशवी त्या आजही हातमोजे काढूनच उघडतात.