बाबांना मी झोपवून ठेवलं

बाबा दवाखान्यात स्वतःच्या पायांनी आले होते. वय एकोणनव्वद, अंगात ताप, धाप लागलेली. तरी अमरावतीच्या त्या खासगी दवाखान्याच्या पायऱ्या ते कठडा धरून चढले. मी काखेत हात घालायला गेलो तर म्हणाले, "सोड. मी काय मयत आहो?"

न्यूमोनिया निघाला. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. चौथ्या दिवशी व्यायाम घेणाऱ्या बाई आल्या आणि त्यांनी बाबांना वॉर्डात चालवायला सुरुवात केली. नेमके तेव्हाच अंजनगावहून नातेवाईक आले. आमच्याकडे आजारी माणसाला बघायला जीप भरून येतात, आणि आजारी माणूस खाटेवर पडलेलाच दिसावा लागतो. इथे बाबांचे पाय थरथरत होते आणि मागे मी सलाईनची बाटली धरून.

काकू दारातच थबकल्या. "काहून रे, बुढ्याले फिरवून राहिला? खाट नाई भेटली का?"

बाकीचे हसले. अकोल्याहून आलेली माझी थोरली बहीण हसली नाही. "पडले अन् खुबा मोडला तं तुले सोडनार नाई," ती म्हणाली. "सेवा होत नसन तं तसं सांग."

मी बाबांना झोपवलं. दुसऱ्या दिवशी त्या बाई आल्या, तेव्हा त्यांना दारातूनच परत पाठवलं.

"आराम करू द्या त्यांना."

"या वयात आरामानंच माणूस खचतो, काका. थोडं तरी बसवा."

"बाप माझा आहे," मी म्हणालो. त्या पुन्हा आल्या नाहीत.

बाबा रोज म्हणायचे, "उठव मले." मी खाटेच्या बाजूचे दांडे वर करायचो, घास भरवायचो. आठव्या दिवसापासून त्यांनी म्हणणं सोडलं. भेटायला येणाऱ्यांना मी सांगायचो, आता शांत झाले आहेत. माझी सेवा बघून काकूंनी पाठ थोपटली, ते मला आवडलं.

अकराव्या दिवशी डॉक्टरांनी छातीचा फोटो दाखवला. फुप्फुस साफ झालं होतं, सुट्टी मिळाली. बाबांना खाटेवरून खाली उतरवलं आणि त्यांचे दोन्ही गुडघे एकदम वाकले. घरी स्ट्रेचरवरून आणलं.

मग मी आणि बायको रोज सकाळी त्यांना उभं करायला लागलो. ते अंग सोडून द्यायचे. "तवा म्हनत होतो तं झोपवलं. आता काहून ओढून राहिला?" एवढं बोलून तोंड भिंतीकडे करायचे. पडून पडून कमरेखाली जखम झाली. बहीण ती धुवायला अकोल्याहून यायची.

"तूच झोपवलं त्याईले," एकदा ती म्हणाली.

"तूच म्हणाली होतीस."

"पाडू नको म्हनलं मी. खाटेले खिळव नाई म्हनलं."

आम्ही त्यांच्या उशाशीच भांडत होतो. बाबांनी डोळे उघडले. "बाहीर जाऊन भांडा."

अडीच महिन्यांनी ते गेले. तेरवीच्या पंगतीत कुणीतरी कारण विचारलं. मी न्यूमोनिया सांगितलं. बहीण वाढत होती. तिनं भाजीचं भांडं खाली ठेवलं.

"न्यूमोनिया बरा झाल्ता," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, आणि त्याच दुपारी अकोल्याला निघून गेली. तेव्हापासून ती माझा फोन उचलत नाही.

तिचं चुकलं नाही. पण बहिणीच्या धाकानं मी बाबांना झोपवलं, असा वाचणाऱ्याचा समज झाला असेल, तर तो मीच करून दिला आहे. दर दोन तासांनी त्यांना संडासापर्यंत न्यायचा मला कंटाळा आला होता. बाबांना झोपवलं त्याच दिवशी लघवीची नळी मी मागून घेतली. "ते जातात की चालत," असं नर्स म्हणाली, तर मी तिच्यावर ओरडलो. नळी लागली त्या दुपारी मी बाजूच्या बाकावर चार तास गाढ झोपलो. हे बहिणीला अजून माहीत नाही.