कावळा कोणाच्या शब्दाला शिवला

माझ्या वडिलांचं मीरा रोडच्या पूनम सागरला चष्म्याचं दुकान होतं. होतं म्हणजे अजून आहे, आणि तेच सगळं दुखणं आहे. ते गेल्यापासून दुकान ठेवायचं की विकायचं हा प्रश्न माझ्या डोक्यावर बसलाय. त्याचं उत्तर एका कावळ्याने कधीच देऊन टाकलंय, असं आमच्यातल्या अर्ध्या लोकांचं म्हणणं. उरलेले अर्धे म्हणतात, कावळ्याने दुसरंच काहीतरी सांगितलं. मी त्या कावळ्याच्या अगदी समोर उभी होते आणि मला काडीचंही कळलेलं नाही.

आधी माणूस कसा होता ते सांगते, म्हणजे माझी पंचाईत कळेल. बाबा रत्नागिरीकडचे. तरुणपणी दादरला एका चष्मेवाल्याकडे काचा घासायला लागले, आणि मीरा रोडला चिखलात इमारती उभ्या राहत होत्या तेव्हा इथे स्वतःचा गाळा घेतला. सकाळी शटर वर, दुपारी घरी जेवण, पुन्हा दुकान. रविवारी मंडळ. आमच्या गावाकडच्या लोकांचं इथे एक मंडळ आहे, त्याच्यातर्फे बाबा चेण्याच्या आदिवासी पाड्यांवर डोळे तपासायचं शिबिर भरवायचे. लोकांचे जुने चष्मे गोळा करायचे, त्यात नव्या काचा बसवायचे आणि पाड्यांवरच्या म्हाताऱ्यांना नेऊन द्यायचे. ह्यात कधी खंड नाही. माझ्या साखरपुड्याच्या दिवशीसुद्धा सकाळी जाऊन आले होते आणि पाहुण्यांसमोर चिखलाच्या चपला घेऊन उभे राहिले.

आणि घरी बोलायचे नाहीत. रागावून नव्हे हं, नुसतेच बोलायचे नाहीत. वाढलं की जेवायचे, टीव्हीचा आवाज बारीक करून बातम्या बघायचे, काही विचारलं की "हं" म्हणायचे. त्या "हं"चा अर्थ आई लावायची. हो म्हणाले, नको म्हणाले, बघू म्हणाले. लहानपणी मला वाटायचं तिला खरंच कळतं.

मी एकुलती एक. अंधेरीला एका लॅबमध्ये नोकरी करते, लग्न होऊन इथल्याच बेव्हर्ली पार्कला आले, म्हणजे माहेर हाकेवर. दुकानाचा विषय मी आयुष्यात एकदाच काढला होता. आधीची नोकरी सुटली होती आणि दुसरी मिळेना, तेव्हा दुकानात जाऊन म्हटलं, "बाबा, मी येऊन बसू का इथे?" ते एका बाईच्या फ्रेमचा स्क्रू आवळत होते. वर न बघता म्हणाले, "तू तुझं बघ." आता ह्याचा अर्थ काय घ्यायचा सांगा. तू मोकळी आहेस, असं? की तुझ्याच्याने होणार नाही, असं? की मनात होतं आणि मागायची लाज वाटली? मी ते वाक्य इतकं उलटसुलट केलंय की आता त्याला काही चवच राहिलेली नाही.

बाबांना झटका आला आणि दुकानातल्या दुकानातच गेले. मग माणसं भेटायला यायला लागली, आणि माझ्या डोक्याचं जे दही झालं ते आजपर्यंत तसंच आहे.

मंडळाचे अध्यक्ष आले. डोळे पुसत म्हणाले, "आता आम्हाला हसवणार कोण?" मला वाटलं चुकीच्या घरात शिरले. तर म्हणे बाबा नकला करायचे. शिबिराला जाताना टेम्पोत बसले की सुरू. "कोणाच्या नकला?" मी विचारलं. "सगळ्यांच्या. तुझीसुद्धा. तू फोनवर बॉसशी बोलतेस ती." शेजारचे कापडवाले गुजराती काका आले. ते म्हणाले, "बेटा, रोज शाम को हम दोनों बैठते थे, दुनियाभर की बातें करते थे." दुनियाभरची. आमच्या घरी पंख्याचा आवाज ऐकू यायचा जेवताना.

सगळ्यात कमाल म्हणजे उत्तनहून आलेल्या एक ख्रिस्ती आजी. बाबांनी त्यांना चष्मा करून दिला होता आणि तो नीट बसतोय का ते बघायला घरी जायचे म्हणे. आजींनी आईचा हात धरला. "शनवारी यायचा तो. ताजा बोंबील असला तर जेवल्याबिगर जायचा न्हाय." आईने माझ्याकडे बघितलं. आमच्या घरी बाबांचा शनिवार म्हणजे कडक शनिवार. अंडं फोडायचं नाही, आदल्या दिवशीचं कालवण फ्रीजमध्येसुद्धा ठेवायचं नाही, वास लागतो म्हणून. आणि हा मनुष्य उत्तनला बसून बोंबील खात होता. मला हसायला आलं, मग आजी गेल्यावर मी न्हाणीघरात जाऊन रडले. बोंबलासाठी रडले असं नाही. आम्हाला सोडून सगळ्यांना एक माणूस मिळाला होता आणि आमच्या वाट्याला "हं" आलं होतं, म्हणून रडले. आणि रागही आला, भयंकर राग. गेलेल्या माणसावर रागावून उपयोग नसतो, पण येतो.

दहाव्याचे विधी चेण्याला नदीकाठी करायचे ठरले. पिंड मी देणार, हे आईनेच ठरवलं. बाबांचे धाकटे भाऊ, माझे काका, भाईंदरला राहतात, रिटायर झाल्यावर संध्याकाळी दुकानात येऊन बसायचे. त्यांचं मत होतं की पुतण्याने, म्हणजे त्यांच्या मुलाने द्यावा. आई म्हणाली, "तिचे वडील होते." काकांनी तोंड वाकडं केलं.

विधी झाले. भटजींनी पिंड पानावर ठेवले, शेजारी बाबांच्या आवडीचं म्हणून शिरा, भजी, चहाचा कप. मी मनात म्हटलं, बोंबील राहिला. आम्ही सगळे मागे सरकून उभे राहिलो. झाडावर कावळे होते, चांगले चारपाच. एकही खाली येईना. एक उतरला, पानाभोवती चक्कर मारली, भज्याकडे मान वाकडी करून बघितलं आणि उडून गेला. एक कुत्रा मात्र अगदी विश्वासाने चालत आला, त्याला हाकलायला दोघं धावले.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. कावळा शिवला नाही तर गेलेल्याची काहीतरी इच्छा अडकलीय असं धरतात. मग घरच्यांनी पुढे होऊन शब्द द्यायचा, तुमचं अमुक आम्ही करू, तुम्ही निश्चिंत जा. शब्द बरोबर असला की कावळा येतो. मी लॅबमध्ये काम करते, माझा ह्यावर विश्वास नाही. पण ऊन चढत होतं, लोक माझ्याकडे बघत होते, आणि मागून काका कुणाला तरी हळूच म्हणाले, "मुलीने दिल्यावर काय होणार." ते ऐकल्यावर माझा विश्वास आहे की नाही ह्याला काही अर्थ राहिला नाही. त्या कावळ्याने यायलाच पाहिजे होतं.

भटजी म्हणाले, "कुणाला काही सांगायचं असेल तर सांगा. नाहीतर दर्भाचा कावळा करून शिववतो, शास्त्रात सोय आहे." आई म्हणाली, "नको. थांबू."

आधी काका पुढे झाले. हात जोडून म्हणाले, "दादा, वहिनींची काळजी करू नको." कावळे जागचे हलले नाहीत. मग गुजराती काका, हिंदीत, "भाई, शांती से जाओ." काही नाही. मग सगळं एकदम झालं. माझे काका कानाशी येऊन म्हणाले, "दुकानाचं बोल. त्याचा जीव दुकानात होता. बोल पटकन." मी बोलले. लोकांसमोर, मोठ्याने, "बाबा, दुकान मी चालवीन." माझं वाक्य संपायच्या आत पलीकडून अध्यक्षांनी हात वर करून सांगितलं, "शिबिर बंद पडणार नाही, तुमची मुलगी बघेल." माझं नाव मला न विचारता घेऊन टाकलं. आणि त्याच वेळी आई माझ्या उजव्या बाजूला पदर डोक्यावर घेऊन उभी होती, तिचे ओठ हलत होते.

कावळा आला. सरळ आला, पिंडाला चोच मारली, शिऱ्याचा घास उचलला आणि गेला.

लोकांनी सुस्कारा सोडला, भटजी उठले, कुणीतरी पाण्याच्या बाटल्या वाटायला लागलं. परतताना गाडीत बसायच्या आधीच वाद सुरू झाला. काका म्हणाले, बघितलंस, दुकान म्हटल्याबरोबर. अध्यक्ष म्हणाले, छे छे, शिबिराचं कानावर गेलं तेव्हा उडाला तो, मी त्याच्याकडेच बघत होतो. दोघं माझ्यासमोर भांडत होते की मी माझ्या आयुष्याचं नक्की काय करायचं ते कोणत्या वाक्याला ठरलं. एका वेळी एकाने बोलावं एवढी साधी अक्कल आम्हाला कुणाला नव्हती.

आता खरी अडचण ऐका. गाळ्याला गिऱ्हाईक आलंय. एक केकवाला आहे, चांगला माणूस आहे, तो थांबायला तयार आहे पण किती थांबणार. दुकान ठेवायचं तर मला नोकरी सोडायला हवी. काका रोज फोन करतात, "तू सगळ्यांसमोर शब्द दिलायस, आता मागे फिरलीस तर त्याला गती नाही." अध्यक्ष फोन करत नाहीत, सरळ घरी येतात आणि चहा पितात. नवरा म्हणाला, "अगं, त्या कावळ्याला भूक लागली असेल." मी त्याच्याशी दिवसभर बोलले नाही. म्हणजे मला जे पटतं तेच तो म्हणाला होता, तरीही.

मी भटजींनासुद्धा फोन केला. विचारलं, "एकाच वेळी तिघं बोलले तर कोणाचं धरायचं?" ते हसले. "ताई, कावळा शिवला ना, झालं. पुढचं आपलं आपण." आपलं आपण म्हणजे काय? मला कोणीतरी सांगायला हवं होतं. बाबांना माझ्याकडून एक गोष्ट हवी होती, ती कोणती, एवढंच. ती मिळाली असती तर मी नोकरी उद्या सोडली असती, खरंच सोडली असती, आणि दुकानात बसून लोकांच्या नाकावर फ्रेम्स बसवल्या असत्या. किंवा गाळा विकून निवांत झोपले असते.

मग माझ्या लक्षात आलं की तिसरी बोलणारी व्यक्ती आई होती, आणि तिला कुणीच विचारलेलं नाही. मला एकदम हायसं वाटलं. वेडी मी, उत्तर घरातच होतं. इतकी वर्षं त्या "हं"चा अर्थ तीच लावत आली. तिने नेमकं बोट ठेवलं असणार, म्हणून तर कावळा आला.

मी दुपारी गेले. आई जमिनीवर पेपर पसरून मेथी निवडत होती. मी समोर बसले, दोन काड्या हातात घेतल्या आणि विचारलं, "आई, नदीवर तू काय कबूल केलंस त्यांना?"

"मी कुठे काय कबूल केलं?"

"ओठ हलत होते तुझे. काहीतरी म्हणालीस आणि तो आला."

"मी विचारत होते," ती म्हणाली. "म्हटलं, तुम्हाला काय हवं होतं हो? जन्मभर मी आपली अंदाजाने करत आले. हे आवडत असेल, ते नको असेल. म्हटलं आता इथे कोण ऐकतंय, एकदा सांगून टाका. तर तो आला आणि खाऊन गेला."

"म्हणजे तुला माहीत नव्हतं?"

"मला वाटायचं तुला माहीत असेल. तू त्यांच्यासारखी आहेस ना, म्हणून." तिने देठं गोळा करून बाजूला केली. "बोंबलाचं सुद्धा मला परक्या बाईकडून कळलं. मी काय सांगणार तुला."

ती रडत नव्हती. रडली असती तर मला काहीतरी करता आलं असतं. मी तिच्याजवळ सरकून बसले आणि आम्ही उरलेली मेथी निवडली.

दुसऱ्या दिवशी काकांना फोन करून सांगितलं की तो शब्द मी बाबांना दिला नव्हता, तुम्हाला आणि लोकांना भिऊन दिला होता. केकवाल्याला अजून कळवलेलं नाही. ठेवीन किंवा विकीन, पण जे करीन ते माझ्या मनाने केलेलं असेल, आणि बाबांची तशीच इच्छा होती असं मला कधीच म्हणता येणार नाही.