स्टोव्ह आत होता ते नऊ दिवस

आम्ही वर्धा सोडलं त्या सकाळी आई एसटी स्टँडवर आली होती. कुसुम बसमध्ये चढून बसली. आई खिडकीशी आली आणि मला म्हणाली, “परमुलूख आहे बाबू. हिच्या हातचं दोन वेळ शिजलं, की घर झालं समज.” लग्नाला चार महिने झाले होते. नागपूरला बस बदलली. तिलवाऱ्याला नर्मदा ओलांडली तेव्हा ऊन उतरलं होतं. जबलपूरला, खमरियात, दारूगोळ्याच्या फॅक्टरीच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये आमचा संसार लागला.

वर्ध्याच्या भाच्यांनो, पुतण्यांनो, आणि माझ्यासारखेच गाव सोडून भिलाई-पुण्याला गेलेल्यांनो, तुम्ही प्रत्येक लग्नात एक किस्सा सांगता. कुसुमकाकूने सासूचं स्वागत तिच्या ताटाशेजारी ओकून केलं. सगळे हसतात. तीही हसते. त्या किश्श्यात मी नसतोच. मी तिथे होतो, हे सांगायला लिहितो आहे.

जबलपुरात दोन महिने झाले आणि कुसुमला कडक डोहाळे लागले. सकाळी चार-पाच उलट्या. तीन महिने पुरे होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही, असा आपला रिवाज, त्यामुळे विचारणार कुणाला? शेजारच्या भाभीजींनाही बोललो नाही. पण मी फॅक्टरीत तपासणी विभागात होतो. बिघाड शोधायचा तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे अंगवळणी पडलेलं. तेच घरी केलं. आधी फोडणी बंद केली. फरक थोडा. मग घासलेटचा स्टोव्ह मागच्या व्हरांड्यात नेला आणि स्वयंपाक मीच करू लागलो. उलट्या तीनवर आल्या. गरम भात नको व्हायचा, तोच निवल्यावर दह्यात कालवला तर पोटात राहायचा. असं का, याचं मला भारी कुतूहल. एके दिवशी ती उठायच्या आत, अंथरुणातच, तिला मूठभर कोरडे मुरमुरे दिले. त्या दिवशी एकच उलटी झाली. बसने ड्युटीवर जाताना मला इतका आनंद झाला होता, की शेजारी बसलेल्याला सांगावंसं वाटलं.

सांगितलं नाही. कारण मी रांधतो हे कुणाला कळू नये, म्हणून व्हरांड्याला चादर बांधली होती.

पाच आठवडे असे गेले आणि आईचं पत्र आलं, की मी येऊन राहिले, पुढच्या आठवड्यात पोचते. ती यायच्या सकाळी मी चादर सोडली, स्टोव्ह आत आणला आणि कुसुमच्या हातात पळी दिली. “आई असेपर्यंत तूच कर,” एवढंच म्हणालो.

दुपारी आई जेवायला बसली. कुसुमने वरणाला फोडणी दिली, वाढायला वाकली आणि तिला मोरीपर्यंत पोचता आलं नाही. आईने ताट सरकवलं. “दिवस आम्हालाही गेले होते. आमच्याकडे नाही बाई असली थेरं.” मी समोरच होतो. मी पेपर वर धरला.

नऊ दिवस ती त्या स्टोव्हपुढे उभी राहिली. नवव्या दिवशी पोटात पाणीसुद्धा ठरेना, ओठ सालपटले. दवाखान्यात दोन दिवस सलाइन लावावी लागली. बाहेरच्या बाकावर आई म्हणाली, “पोरीला कामाची सवयच नाही.” मी “हो” म्हणालो. तुमचा किस्सा तिथून वर्ध्याला गेला.

आई परतली तशी मी पुन्हा चादर बांधली.

आता माझी नात ईशा इथेच जबलपुरात, विजय नगरात राहते. तिला दिवस गेलेत, तशाच उलट्या. मी हट्टाने तिच्याबरोबर डॉक्टरीणबाईंकडे गेलो आणि विचारलं, हे सकाळीच का होतं? त्या हसल्या. “अंकल, सुबह तो नाम की है, दिन भर होता है.” रिकाम्या पोटी मळमळ वाढते, उठायच्या आधी कोरडं काही खावं, गार अन्नाला वास कमी येतो, असं त्यांनी सांगितलं. मी मनात म्हटलं, माझे मुरमुरे बरोबर होते! पुढे त्या म्हणाल्या, “पानी भी न रुके, पेशाब कम हो, तो घर में मत बैठिए.” तेव्हा मला माझा पेपर आठवला.

तिच्या घरी आलो तर ईशाचा नवरा अंकित गॅसपुढे उभा. फोनवर त्याची आई दिसत होती. “मम्मी, दलिया में हींग डालूँ?” “मत डाल, उसको बास आएगी.” दार सताड उघडं. मी बघतच राहिलो.

परवा कुसुमला म्हटलं, मी सगळं लिहून राहिलो.

“आता काहून?”

“तू कधी कुणाला सांगितलं का नाहीस, की मी रांधत होतो?”

“सांगितलं असतं तर लोक तुम्हाला हसले असते. तुम्ही लगेच सोडून दिलं असतं. मग मला मुरमुरे कोण देणार होतं?”

“पण हसले ते तुला.”

ती तांदूळ निवडत होती. “हो. तुम्ही एकदा तरी बोलायला पायजे होतं.”

घर म्हटलं की माझ्या तोंडी अजूनही वर्धा येतं. पण तिथे मी फक्त चांगला मुलगा होतो, आणि ते चांगलेपण हिच्या जिवावर टिकलं. मला पुरता ओळखणारं माणूस एकच आहे. ते जिथे तांदूळ निवडत बसतं, ते माझं घर. हे समजायला मला म्हातारं व्हावं लागलं.

मी हे तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “चलो, पाठवा ग्रुपवर. पुढच्या लग्नात मी नाही हसणार.”